पूरक प्रथिने आणि स्नायुपेशींतील जनुकांचे कार्य

हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे दोन तक्रारी हमखास येतात. पहिली तक्रार अंगदुखीची, मांड्या भरून येण्याची, जिना चढताना पाय न उचलण्याची. दुसरी तक्रार म्हणजे खरे तर मागणीच असते : ‘प्रतिकारशक्ती वाढेल असे काहीतरी द्या.’ या दोन गोष्टी वेगळ्या समजून आपण त्यांची वेगवेगळी उत्तरे देतो. एकाच रुग्णाने दोन्ही सांगितल्या, तर एकाच चिठ्ठीवर वेदनाशामक कल्प आणि रसायन असे दोन्ही लिहून देतो. परंतु प्रतिकारशक्तीचा एक अत्यंत जुना घटक स्नायुपेशींच्या जनुकांचे कार्य बदलू शकतो, हे गेल्या तीन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. हा बदल कधी स्नायूच्या हिताचा असतो, कधी अहिताचा. म्हणूनच ‘वाढवा’ किंवा ‘दडपा’ असा सरधोपट निर्णय घेण्यापूर्वी हा विषय समजून घेणे वैद्य आणि औषधनिर्माते या दोघांनाही आवश्यक आहे.

आधी शब्दांचा खुलासा

या विषयात शब्दांमुळे गोंधळ होण्याचा संभव फार आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशींची संख्या पाचशे व स्नायूंची नऊशे सांगितली आहे. तेथे पेशी म्हणजे मांसाचा वेगळा दिसणारा भाग आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारी तंतुमय रचना. आजच्या मराठीत मात्र मांसाच्या त्या भागाला स्नायू म्हणतात आणि पेशी हा शब्द शरीराच्या सूक्ष्मतम सजीव घटकासाठी वापरतात. प्रस्तुत लेखात दोन्ही शब्द आजच्या मराठी अर्थानेच घेतले आहेत. स्नायुपेशी म्हणजे मांसधातूची सूक्ष्म जिवंत पेशी, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

‘पूरक प्रथिने’ हा शब्द कॉम्प्लिमेंट या संज्ञेसाठी वापरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूल्स बोर्डे यांनी असे दाखविले की, रोगप्रतिकारक रक्तजलात उष्णता सहन करणारा एक घटक असतो आणि ५६ अंश सेल्सिअस तापमानास नष्ट होणारा दुसरा. जंतूंचा नाश होण्यासाठी दोन्ही लागतात. या दुसऱ्या घटकाला पॉल एर्लिक यांनी पूरक हे नाव दिले, कारण तो प्रतिपिंडांचे काम पूर्ण करतो. बोर्डे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पूरक प्रणाली कशी चालते?

ही प्रणाली म्हणजे एकच द्रव्य नव्हे. रक्तद्रवात आणि पेशींच्या पृष्ठभागावर मिळून तीसहून अधिक प्रथिने तिच्यात सहभागी असतात. त्यांपैकी बरीचशी यकृतात तयार होतात. सर्वांत विपुल असलेले सी३ हे प्रथिन साधारणतः एका लिटर रक्तद्रवात एक ते दीड ग्रॅम इतके असते. एरवी ही प्रथिने निष्क्रिय अवस्थेत फिरत असतात. जागृतीचे तीन मार्ग आहेत. प्रतिपिंड चिकटल्यावर सी१क्यू या प्रथिनापासून सुरू होणारा पहिला, जंतूंवरील विशिष्ट शर्करा ओळखणारा दुसरा आणि सी३ आपोआप अल्प प्रमाणात सक्रिय होण्यावर आधारलेला तिसरा.

तिन्ही मार्ग सी३ पाशी एकत्र येतात. सी३ चे दोन तुकडे होतात. सी३बी हा मोठा तुकडा लक्ष्याला चिकटतो आणि भक्षक पेशींना खूण पटवतो. सी३ए हा छोटा तुकडा दूरवर जाऊन पेशींना बोलावतो. पुढे सी५ चेही असेच विभाजन होते. शेवटी सी५बी ते सी९ ही प्रथिने एकत्र येऊन पेशीच्या आवरणात नळीसारखे छिद्र पाडतात. त्याला या लेखात ‘आवरणभेदी संकुल’ म्हणू.

जंतूला छिद्र पडले की तो मरतो. आपल्या पेशींचे आवरणही तसेच नाजूक असल्याने त्यांच्यावर सीडी५९ सारखी संरक्षक प्रथिने बसविलेली असतात. तरीही तीव्र दाहात काही छिद्रे पडतातच. येथे स्नायुपेशीचे वैशिष्ट्य दिसते. ती केंद्रके अनेक असलेली, लांब आणि मोठी पेशी आहे. थोडी छिद्रे ती सहन करते, खराब झालेला आवरणाचा भाग आत ओढून घेते वा बाहेर टाकते, आणि जगते. पण जगली म्हणजे पूर्ववत झाली, असे नव्हे.

जनुकांचे कार्य म्हणजे काय?

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या स्वरूपात सर्व जनुके असतात. स्नायुपेशी आणि यकृतपेशी यांची जनुके सारखीच. फरक असतो तो कोणती जनुके वाचली जातात यात. वाचलेल्या जनुकाची एक तात्पुरती प्रत तयार होते. तिला एमआरएनए म्हणतात. त्या प्रतीवरून प्रथिन बनते. या वाचनाचे प्रमाण वाढणे वा घटणे म्हणजेच जनुकांच्या कार्यात बदल होणे. जनुक स्वतः बदलत नाही, हे येथे नीट समजून घ्यावे.

याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. हिंजवडीतील जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने कोविड-१९ वरील भारताची पहिली एमआरएनए लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ही लस दंडाच्या स्नायूत दिली जाते. बाहेरून आलेली ती प्रत वाचून तेथील पेशी विषाणूचे प्रथिन बनवितात, आणि केंद्रकातील जनुकांना हातही लागत नाही. पूरक प्रथिने याच्या उलट करतात. ती बाहेरून प्रत आणत नाहीत. पेशीच्या स्वतःच्या जनुकांपैकी कोणते वाचावे, कोणते नाही, याचा संदेश ती आत पोहोचवितात.

पहिला मार्ग : अपुरे छिद्र, पण पुरा संदेश

पेशी मरणार नाही इतक्या अल्प प्रमाणात आवरणभेदी संकुल तयार झाले, तर काय होते? छिद्रांतून कॅल्शियम आत शिरते, आतील संदेशवाहक किण्वे सक्रिय होतात आणि संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर येथील वैद्यकीय शाखेतील मून शिन यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढविलेल्या स्नायुतंतूंवर असा अल्प आघात करून पाहिला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, स्नायूंची खास ओळख असलेल्या प्रथिनांच्या एमआरएनएचे प्रमाण घटले. पेशी जिवंत होती, परंतु स्नायू म्हणून करावयाचे काम तिने कमी केले होते. मृत पेशी शोधणाऱ्या तपासणीत ही अवस्था दिसणार नाही. रुग्णाला मात्र दौर्बल्य जाणवेल.

त्याच परंपरेतील संशोधकांना १९९८ साली मेंदूतील पेशींत पूरक प्रथिनांच्या आघाताने जागृत होणारे एक जनुक आढळले. त्याचे नाव आरजीसी-३२. २००२ साली मानवी आरजीसी-३२ चे वर्णन झाले. महाधमनीच्या भित्तीतील मृदुस्नायुपेशींत या जनुकाचे प्रथिन वाढविले असता त्या पेशी विभाजनाच्या अवस्थेत प्रवेश करतात, असे दिसले. धमनीच्या भित्तीतील स्नायुपेशींची अनावश्यक वाढ हा धमनीकाठिण्यातील एक टप्पा असल्याने या शोधाला महत्त्व आहे. एकच आघात हातापायांच्या स्नायुपेशीला कामापासून परावृत्त करतो आणि धमनीतील स्नायुपेशीला विभाजनास प्रवृत्त करतो. अधिष्ठान बदलले की परिणाम बदलतो, हे आपल्या शास्त्राच्या अभ्यासकाला नवे वाटणार नाही.

स्नायुपेशी या व्यवहारात केवळ लक्ष्य नसतात. फ्रान्समधील संशोधकांनी १९९५ मध्ये असे दाखविले की, मानवी स्नायूंच्या पूर्वपेशी सी३ सह काही पूरक प्रथिने आणि त्यांची नियंत्रक प्रथिनेही स्वतः तयार करतात. म्हणजे आघात करणारी आणि तो आवरणारी, अशी दोन्ही साधने स्नायूतच निर्माण होऊ शकतात.

दुसरा मार्ग : वार्धक्य आणि सी१क्यू

वयोमानाने स्नायूंची झीज होते, जखम भरण्यास वेळ लागतो. मांसक्षयाची ही अवस्था वैद्याला रोजच दिसते. जपानमधील इसेई कोमुरो यांच्या गटाने २०१२ साली ‘सेल’ या नियतकालिकात तिच्यावर अनपेक्षित प्रकाश टाकला. वृद्ध उंदरांच्या रक्तात सी१क्यू चे प्रमाण वाढलेले असते. हे सी१क्यू पेशीपृष्ठावरील एका ग्राहकाला जोडले जाते, त्याच्या सोबतचे सी१एस हे किण्व शेजारच्या प्रथिनाचा भाग कापते, आणि त्यामुळे विंट नावाचा संदेशमार्ग सक्रिय होतो. हा मार्ग जनुकांचे वाचन बदलून स्नायूच्या पुनर्निर्मितीत अडथळा आणतो. तरुण उंदरांच्या जखमी स्नायूवर सी१क्यू दिले, तर त्यांचीही जखम वृद्धांसारखी हळू भरली. वृद्ध उंदरांत सी१एस रोखले, तर पुनर्निर्मिती सुधारली. येथे पूरक प्रणालीने जंतू मारला नाही की छिद्रही पाडले नाही; तिचे पहिलेच प्रथिन संप्रेरकासारखे वागले.

वैद्यांसाठी अधिक उपयुक्त भाग पुढे आहे. २०१५ साली जपानच्याच संशोधकांनी माणसांच्या रक्तातील सी१क्यू तपासले. वयानुसार ते वाढते आणि ज्यांच्यात ते जास्त त्यांचे मांडीचे स्नायू कमी भरीव, असा संबंध दिसला. वृद्धांनी १२ आठवडे भार उचलण्याचा व्यायाम केल्यावर ते घटले. २०१८ साली वृद्ध उंदरांवरील प्रयोगातही अशाच व्यायामाने सी१क्यू व विंट संदेश कमी होऊन स्नायूतील तंतुमयता रोखली गेली. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मध्यमवयीन रुग्णाला बल्य औषधासोबत अर्धशक्ती व्यायाम सांगण्याची आपली रीत आहे. त्या उपदेशाला येथे एक मोजता येणारा आधार मिळतो. व्यायाम वगळून केवळ औषध देणे मात्र या आधारात बसत नाही.

तिसरा मार्ग : हितकर सी३, अहितकर सी३

आतापर्यंतच्या विवेचनावरून पूरक प्रथिने स्नायूची शत्रूच आहेत, असा समज होऊ शकेल. तो बरोबर नाही. चीनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये, जखमी स्नायूच्या पुनर्निर्मितीत सी३ए हा तुकडा आवश्यक असतो, असे दाखविले. तो नसलेल्या वा त्याचा ग्राहक नसलेल्या उंदरांत जखमेकडे एककेंद्रक श्वेतपेशी पुरेशा आल्या नाहीत आणि स्नायू नीट भरून आला नाही. साफसफाई झाल्याशिवाय बांधकाम होत नाही, असा हा न्याय.

याउलट, डिसफर्लिन या प्रथिनाच्या अभावाने होणाऱ्या स्नायुक्षयात सी३ अपाय करते. डिसफर्लिन पेशीचे आवरण दुरुस्त करते. ते नसले की आवरणभेद सहन होत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील केविन कॅम्पबेल यांच्या गटाने २०१० साली असे उंदीर सी३ विरहित केले असता स्नायूंची हानी कमी झाली. मात्र ड्युशेन प्रकारच्या स्नायुक्षयाच्या उंदरांना तोच उपाय लाभला नाही. नावाने एकच असलेल्या व्याधिवर्गात एकच द्रव्य एके ठिकाणी कारण ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी ठरत नाही.

आपल्या भागातील प्रश्न : चिकुनगुनिया

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुनियाची मोठी साथ येऊन गेली. त्यानंतर तीन दशके हा रोग जवळपास विस्मृतीत गेला आणि २००५-०६ मध्ये देशभर पुन्हा उसळला. या विषाणूच्या जुन्या व नव्या प्रकारांची तुलना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केली. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे परिसरातील दवाखान्यांनी हे रुग्ण पुन्हा मोठ्या संख्येने पाहिले. ताप चार-सहा दिवसांत उतरतो, पण सांधे आणि स्नायू महिनोन्‌महिने दुखतात.

या विषाणूला स्नायूत आश्रय कोठे मिळतो? पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये रुग्णांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा विषाणू स्नायूची पुनर्निर्मिती करणाऱ्या उपग्रह पेशींत आढळला. चिकुनगुनियाच्या जवळच्या नात्यातील रॉस रिव्हर विषाणूवर अमेरिकेत झालेले प्रयोग पूरक प्रथिनांचा सहभाग स्पष्ट करतात. २००७ च्या अभ्यासात सी३ नसलेल्या उंदरांच्या स्नायूत श्वेतपेशी तितक्याच आल्या, पण स्नायूंचा नाश कमी झाला. २००८ मध्ये असे दिसले की, सी३ चे तुकडे ओळखणारा श्वेतपेशींवरील ग्राहक नसेल, तर रोगग्रस्त स्नायूतील इंटरल्युकिन-६ आणि इतर काही दाहजनक जनुकांचे कार्य मंदावते. २०१२ मध्ये शर्करा ओळखणारे पूरक मार्गातील प्रथिन या नाशाला कारणीभूत असल्याचे समजले. थोडक्यात, हानीचे माप विषाणूच्या संख्येवरून ठरत नाही. शरीराच्या प्रतिकाराने स्नायूत कोणती जनुके जागविली, यावरही ते अवलंबून असते. चिकुनगुनियाच्या तीव्र अवस्थेत सरसकट ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ चूर्ण देताना हा मुद्दा विसरता येणार नाही. हे प्रयोग उंदरांतील व नातेवाईक विषाणूचे आहेत, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

जेथे पूरक प्रथिने प्रत्यक्ष रोग घडवितात

दोन व्याधी वैद्याने नावानिशी ओळखल्याच पाहिजेत. पहिली त्वचा-स्नायुदाह, म्हणजे डर्मॅटोमायोसायटिस. या रुग्णांच्या स्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर आवरणभेदी संकुल साचलेले असते, हे १९८६ साली सिद्ध झाले. १९९४ मध्ये बास्टा आणि डलाकस यांनी दाखविले की, शिरेतून दिलेल्या प्रतिपिंडांच्या मोठ्या मात्रेने हा साठा रोखला जातो. स्नायूंच्या जनुककार्याच्या अलीकडील अभ्यासांत मात्र या व्याधीत इंटरफेरॉनने जागविलेली जनुके सर्वांत ठळक दिसतात. पूरक प्रथिने हा त्या साखळीतील एक दुवा आहे, एकमेव नव्हे.

दुसरी मायस्थेनिया ग्रेव्हिस. चेता आणि स्नायू यांच्या संधीवर प्रतिपिंड चिकटतात, पूरक प्रणाली जागी होते आणि स्नायूचे आवरण तेथेच भंगते. या व्याधीत सी५ रोखणाऱ्या इक्युलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. त्यानंतर या वर्गातील आणखी औषधे आली.

पुण्यातील संशोधन आणि आपली द्रव्ये

पूरक प्रणालीवर जगात मान्यता पावलेले संशोधन आपल्या शहरात झाले आहे. विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेतील डॉ. अरविंद साहू यांनी, विषाणू आपल्या पूरक प्रणालीला कसे चकवितात, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. तत्पूर्वी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना १९९६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सी३ ला रोखणारी कॉम्पस्टॅटिन नावाची छोटी प्रथिनशृंखला शोधली. तिच्यापासून विकसित झालेल्या पेगसेटाकोप्लॅन या औषधाला २०२१ मध्ये एका रक्तव्याधीसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. शोधापासून औषधापर्यंत पंचवीस वर्षे लागली, ही गोष्ट आपल्याकडील उत्साही जाहिरातदारांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

डॉ. साहू यांच्याच सहभागाने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोझमॅरिनिक आम्ल सी३बी ला चिकटून पूरक प्रणाली रोखते, असे आढळले. हे आम्ल तुळशीतही असते. शल्लकीतील बोसवेलिक आम्ले सी३ चे विभाजन करणाऱ्या किण्वाला रोखतात, असे भारतीय संशोधकांनी १९९२ मध्ये नोंदविले. गुडूचीचा १९९७ चा अभ्यास तर विशेष बोधप्रद आहे. तिच्यातील काही घटकांनी परीक्षानळीत पूरक प्रणालीला अटकाव केला आणि त्याच अभ्यासात प्राण्यांची प्रतिपिंडनिर्मिती व भक्षक पेशींची क्रिया वाढली. एकच वनस्पती एका अंगाला दाबते आणि दुसऱ्याला उभारी देते. अशा द्रव्याला ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणणे अर्धसत्य आहे.

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले आहेत : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्न होऊ न देणे. त्यात ‘जितके अधिक तितके चांगले’ असा अर्थ कोठेही नाही. पूरक प्रथिने म्हणजेच ओज, किंवा आवरणभेदी संकुल म्हणजेच आम, अशी समीकरणे मांडण्याचा मोहही टाळावा. दोन्ही शास्त्रांच्या संज्ञा आपापल्या चौकटीतच अर्थपूर्ण असतात.

परीक्षानळीतील निष्कर्ष रुग्णाला लावताना आणखी एक अडचण असते. बोसवेलिक आम्ले तोंडावाटे घेतल्यास कमी शोषली जातात. स्निग्ध आहारासोबत शोषण वाढते. परीक्षानळीत जी मात्रा प्रभावी ठरली, ती रक्तात पोहोचते का, हे न पाहता ‘पूरकरोधक’ असा दावा करणे योग्य नाही. वरीलपैकी एकाही द्रव्याने मानवी स्नायूतील जनुकांचे कार्य पूरक प्रथिनांमार्फत बदलते, असे सिद्ध करणारा पुरावा हाती नसताना तसे वेष्टनावर छापू नये.

सुरक्षिततेचा प्रश्न

पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला गुडघ्याच्या संधिवातावरील अभ्यास आपल्यासाठी अभिमानाचा आहे. शुंठी, गुडूची, आमलकी, शल्लकी यांवर आधारित कल्प ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच अभ्यासात काही रुग्णांचे एसजीपीटी लक्षणांविना वाढल्याचेही प्रामाणिकपणे नोंदविले आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत स्वयंप्रतिकारसदृश यकृतदाह आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली आणि वापरलेल्या वनस्पतीची ओळख निश्चित नसल्याकडे लक्ष वेधले. वाद बाजूला ठेवला तरी दोन बोध उरतात. औषधनिर्मात्याने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच प्रजाती घेतली जात असल्याची खात्री प्रत्येक खेपेस करावी. वैद्याने स्वतःचा अथवा कुटुंबातील स्वयंप्रतिकारजन्य व्याधीचा इतिहास विचारल्याखेरीज दीर्घकाळ गुडूची सुरू करू नये.

दवाखान्यात काय पाळावे?

१. वेदना आणि दौर्बल्य यांत भेद करावा. ‘उकिडवे बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येते का? केस विंचरताना हात वर राहतात का?’ हे दोन प्रश्न पुष्कळ सांगून जातात. उत्तर नकारार्थी असल्यास मांसगत वात असे निदान करून थांबू नये. सीपीके तपासून घ्यावे.

२. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे दिसल्यास त्वचा-स्नायुदाहाचा संशय धरावा. प्रौढ रुग्णात त्यासोबत दडलेला अर्बुदरोगही शोधावा लागतो.

३. पापणी खाली येणे, दोन-दोन दिसणे, चावताना जबडा थकणे, श्रमाने वा सायंकाळी लक्षणे वाढणे, ही मायस्थेनियाची खूण होय. गिळताना अथवा श्वास घेताना त्रास होत असल्यास रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. अशा रुग्णात काही प्रतिजैविके आणि मॅग्नेशियम यांनी दौर्बल्य बळावते.

४. स्नायुवेदनेसोबत लघवी काळपट तांबडी होत असेल, तर स्नायू विघटित होऊन वृक्काला धोका संभवतो. येथे विलंब नको.

५. रुग्ण पूरकरोधक औषधावर असल्यास त्याचा साधा ताप हाही साधा समजू नये. आवरणभेदी संकुलाविना मेनिंगोकोकस या जंतूचा नाश नीट होत नाही. म्हणून या रुग्णांना औषधापूर्वी त्या जंतूविरुद्ध लस दिली जाते आणि लस घेऊनही धोका पूर्णतः टळत नाही. ज्वरघ्न काढा देऊन दुसऱ्या दिवशी बोलावणे जिवावर बेतू शकते.

६. रक्तातील सी३, सी४ च्या अहवालावरून स्नायूत काय चालले आहे, ते कळत नाही. हे आकडे सामान्य असूनही स्नायूत पूरक प्रथिने साचलेली असू शकतात.

७. त्वचा-स्नायुदाह वा मायस्थेनियाच्या रुग्णाचे चालू असलेले स्टेरॉइड वा अन्य औषध वैद्याने परस्पर बंद करू नये. आपले औषध द्यावयाचे असल्यास त्याची नोंद मूळ चिकित्सकाकडे जावी.

औषधालयाच्या मालकांसाठी एक सूचना स्वतंत्रपणे करावीशी वाटते. दुकानात स्वतःहून येऊन ‘प्रतिकारशक्तीचे’ औषध मागणाऱ्या ग्राहकाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : सध्या कोणते औषध चालू आहे, आणि पूर्वी कोणता स्वयंप्रतिकारजन्य रोग झाला होता का? उत्तर होकारार्थी असेल, तर डबा देण्याऐवजी वैद्याचा पत्ता द्यावा. त्या एका विक्रीच्या नुकसानीपेक्षा रुग्णाच्या स्नायूंचे आणि आपल्या शास्त्राच्या विश्वासार्हतेचे मोल अधिक आहे.